उंदराच्या फुफ्फुसावरून माणसाचा निकाल लावायचा का?

कातळवाट : रंगांत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीवर युरोपीय संघाने २०२० साली शिक्का मारला : श्वासातून गेल्यास कर्करोगाचा संशय. २०२२ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला, २०२५ मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. माझ्या मते योग्य झालं. १९८५च्या प्रयोगात रॅटना (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांना) दोन वर्षं ही धूळ हुंगवली. फुफ्फुसात गाठी वाढल्या त्या फक्त हवेच्या घनमीटरला २५० मिलिग्रॅम या मात्रेला. एवढ्या धुळीत फुफ्फुस साफ करणाऱ्या पेशीच भरून थकतात. त्याच धुळीला हॅमस्टर हा उंदरासारखाच छोटा प्राणी मात्र पुरून उरतो, भराभर बाहेर टाकतो. मग रॅटचाच शब्द प्रमाण का?

धूळपाटी : २५०वरच थांबू नका. १९९५ साली अतिसूक्ष्म कणांच्या साधारण १० मिलिग्रॅमलाही रॅटना गाठी झाल्या. आणि हॅमस्टरवर विसंबायचं असेल तर स्फटिकी सिलिका, म्हणजे दगड फोडताना उडणारी धूळ, बघा. तिनं रॅटला कर्करोग झाला, हॅमस्टरला नाही. माणसाला होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या अहवालामुळे १९९७ पासून अधिकृत आहे. तेव्हा हॅमस्टरचं ऐकलं असतं तर दगडखाणीतल्या मजुरांना आपण काय तोंड दाखवलं असतं?

कातळवाट : सिलिकाचा पृष्ठभाग मुळातच पेशींना जाळतो, टायटॅनियमचा तसा नाही. तुलना कोळशाशी करा. खाणकामगारांच्या फुफ्फुसांत आयुष्यभर ढीगभर कोळसा साठतो, तरी १९९७च्या त्याच अहवालात कोळशाच्या धुळीला कर्करोगकारक म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. माकडं आणि रॅट यांना एकाच मात्रेत कोळसा हुंगवला, तेव्हा रॅटमध्ये कण वायुकोशांच्या पोकळीत साचले आणि दाह जास्त झाला. माकडांत ते भिंतींच्या आतल्या ऊतीत शिरले. माणसाचं फुफ्फुस माकडाच्या जवळचं आहे.

धूळपाटी : हा मुद्दा मान्य, वजनदार आहे. पण ऊतीत शिरलेले कण निघणार कधी? रॅटची निम्मी धूळ दोन-अडीच महिन्यांत निघते, माणसाला वर्षाहून जास्त लागतं. आणि कोळशाच्या कामगाराला कर्करोग नाही म्हणून तो बरा आहे का? न्यूमोकोनिओसिसनं, म्हणजे धूळ साठून होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारानं, दोन जिने चढवत नाहीत त्याला.

रानजाई : दोघंही कर्करोगावर अडकलात. भुकटीची पोती फोडणाऱ्या कामगाराला शिक्का असो-नसो, यंत्राजवळ धूळ ओढून घेणारा पंखा आणि नीट बसणारा मास्क हवाच. शिक्का गेला म्हणून मालक पंखा काढणार असेल, तर कातळवाट, तुम्ही त्याला काय सांगाल?

कातळवाट : पंखा काढू देणार नाही. धुळीची मर्यादा कडक ठेवा, माझी पूर्ण साथ आहे. पण ती दाह आणि दम लागण्याच्या पुराव्यावर ठरवा, रॅटच्या गाठींवर नको.