आईच्या ओव्हरीत २२ सेंमीची गाठ, पाणी काढून दुर्बिणीतून करायची का?

पारोळेकर: आई ५४ ची, पाळी बंद झालेली. पोट फुगायचं तर घरात सगळे गॅसच म्हणायचे, मग लुगड्याचा ओचा नीट बसेना तेव्हा धुळ्याला सोनोग्राफी केली, डाव्या ओव्हरीत गाठ, आत पडदे, सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरसाठी बघता ती रक्ततपासणी) आलं ४८. डॉक्टर म्हणता सुईने पाणी काढून दुर्बिणीतून करू. काय करू भो?

केळीवाला: ४८ म्हणजे कॅन्सरच असं नाही, ३५ पर्यंत नॉर्मल धरतात, टीबीत पण त्याच्या वर जातं. पण पाळी गेल्यावर पडदे असलेली गाठ म्हणजे आधी सीटी कर.

तापीकाठची: मी ओटीत नर्स आहे. सुई घालू देऊ नका!! कॅन्सर निघाला तर पाणी पोटात सांडून स्टेज वाढते. असल्या गाठी शक्यतो उभा छेद घेऊन अख्ख्याच काढतात, ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शनला पाठवतात (तुकडा गोठवून लगेच कॅन्सर आहे का बघतात) आणि त्या रिपोर्टवर पुढे किती काढायचं ते ठरतं. फ्रोझनची सोय नसेल तर सरळ नाशिक गाठा, आणि कॅन्सर सर्जन बघा.

पारोळेकर: सीटी सोमवारी आहे ताई.

तापीकाठची: मधेच जोरात दुखून उलट्या झाल्या तर सोमवारची वाट बघू नका, गाठीला पीळ पडलेला असू शकतो.

केळीवाला: रेशनकार्ड, आधार सोबत ठेव, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत (सरकारी मोफत उपचार) बसतं का विचार.