बेंचवरचे डाग

बी-४०२ काकू: जिमच्या बेंचवर परत तपकिरी डाग. मागच्या वेळीही मीच पुसले. कोणाचं नाव घेत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल 🙏

ए-१०४: गंज असणार. कधीपासून सांगतोय बेंच बदला

सी-२०३: गंज नाही हो, आमच्या चिरंजीवांचं टॅनिंग लोशन 😅 रविवारी बॉडीबिल्डिंगची स्पर्धा आहे, स्टेजच्या लाइटमध्ये कट्स दिसायला रंग लागतो म्हणे. सॉरी काकू

बी-४०२ काकू: सॉरी कशाला. माझा पांढरा टॉवेल गेला, तेवढंच

ए-५०१: अख्खी दुनिया गोरं व्हायचं क्रीम लावते आणि हा पैसे देऊन काळा होतोय 😂

सी-२०३ ज्युनियर: काका ते सेल्फ टॅनर आहे. आता टॅनिंग बेड पण ट्राय करणारे, अतिनील दिव्यांखाली झोपून काळं व्हायचं मशीन. त्याचं वेगळं लोशन मागवलंय, टिंगलवालं, लावलं की झिणझिणतं

ए-५०१: टिंगल आम्ही फुकट करतोय की

डी-३०२ डॉक्टर: थांब रे. आत्ता लावतोस त्यात डीएचए नावाचं रसायन असतं, त्याची कातडीच्या वरच्या मेलेल्या थराशी रिअ‍ॅक्शन होऊन रंग येतो, थर झडला की पाच-सात दिवसांत जातो. बेडचं लोशन म्हणजे अतिनील किरणांत झोपायची तयारी, त्यात बहुतेक वेळा सनस्क्रीन नसतंच, आणि टिंगलवालं तर रक्तपुरवठा वाढवून कातडी लाल करतं. लोशन कितीही भारी घे, दिवे तेच.

ए-१०४: बेंचचं काय ठरलं?

सी-२०३ ज्युनियर: पण ताई बेस टॅन असला, म्हणजे आधीच थोडं काळं झालं, की नंतर ऊन बाधत नाही ना

डी-३०२ डॉक्टर: फार तर एसपीएफ ३-४ च्या अगदी हलक्या सनस्क्रीनएवढाच आडोसा. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २००९ मध्येच टॅनिंग बेड तंबाखूच्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत टाकलाय. धोका तेवढाच असं नाही, पुरावा तेवढा पक्का.

ए-५०१: म्हणजे मी सिगरेट ओढतो आणि हा झोपतो, दोघे एकाच गटात 😂

ए-५०१ सौ.: तुमचं घरी या मग बोलू

सी-२०३: डॉक्टर, त्याच्या पिंपल्सच्या गोळ्या पण चालू आहेत, डॉक्सीसायक्लिन

सी-२०३ ज्युनियर: आई 🙄 ग्रुपवर काय

डी-३०२ डॉक्टर: बरं झालं सांगितलंत. त्या गोळीवर अतिनील किरणांनी कातडी लवकर भाजते, बेड विसरायचाच. डीएचएवालंच वापर, पण कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस थांब, खाज आली तर नको. गुडघे-कोपरांवर कमी लाव, तिथे रंग जास्त धरतो. स्प्रे मारलास तर डोळे, ओठ झाकून, श्वासात जाऊ द्यायचा नाही. आणि रंग आला म्हणजे ऊन अडतं असं नाही, बाहेर सनस्क्रीन लागणारच.

बी-४०२ काकू: मागच्या वेळी गुडघे अगदी बटाट्यासारखे दिसत होते त्याचे. लिंबू चोळ म्हणावं

डी-३०२ डॉक्टर: काकू लिंबू नको, ते लावून उन्हात गेला तर फोड येतील

बी-४०२ काकू: बरं बाई, तुम्ही शिकलेल्या. माझ्या टॉवेलला लावून बघते

ए-१०४: बेंचचं काय ठरलं?

सेक्रेटरी: लोशन लावून जिममध्ये यायचं नाही, हे ठरलं.

ए-१०४: मी बेंच विचारतोय

सी-२०३ ज्युनियर: टिंगलवालं परत पाठवतोय. सील फोडलेलं नाही, कोणाला हवंय का 😅

ए-५०१ सौ.: आमच्याकडे नको, इथे भरपूर आहे