मदत हवी आहे: रेटिचेल्ला की पुंतो इन आरिया, फोटोवरून कसं ओळखायचं?

मंडळी, सुईकाम करणारं कुणी इथे असेल तर जरा बघा. (दोन्ही सुईने करायच्या जुन्या इटालियन लेस आहेत.)

सध्या न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमचा ऑनलाइन संग्रह चाळते आहे. फक्त इटालियन लेस आणि भरतकाम, साधारण १५५० ते १६५० मधलं. टेबलक्लॉथच्या कडेला तशी एक पट्टी करून बघायची आहे. पण बऱ्याच नोंदींत तंत्राच्या जागी मोघम 'नीडल लेस' (सुईने केलेली लेस) एवढंच असतं, त्यामुळे सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

मला समजलंय ते असं. रेटिचेल्लात लिननच्या कापडातले उभे-आडवे धागे कापून काढतात, उरलेल्या धाग्यांच्या चौकटीवर काजटाका घालतात आणि आत तारे-फुलं भरतात. पुंतो इन आरियात खाली कापडच नसतं. चर्मपत्रावर नक्षी काढायची, रेघांवर धागा टाचायचा, त्याच्या आधाराने सुईने विणत जायचं आणि शेवटी टाचे कापून चर्मपत्र सोडवायचं. फरक स्पष्ट आहे, पण सुरुवातीच्या पुंतो इन आरियाची नक्षीही चौकटीचीच! (भरतकामात असा घोळ होत नाही. इटलीतल्या असिसी गावच्या धाटणीचं काम लांबूनच ओळखू येतं: नक्षी कोरी, भोवतालची जागा भरलेली.)

फोटोत नेमकं काय बघायचं? आणि नक्षी कुठून उतरवून घेऊ?

प्रतिसाद:
ताई, फोटो पूर्ण मोठा करा आणि फुलांऐवजी दांड्या (चौकटीचे काजटाक्याने मढवलेले उभे-आडवे धागे) बघा. रेटिचेल्लात दांडीतले धागे वरच्या-खालच्या सलग कापडात शिरताना दिसतात. पट्टी मूळ कापडापासून कापून काढलेली असेल तर मात्र हा पुरावा गेला. खालची टोकं त्रिकोणी आणि सुटी असतील तर निदान ती टोकं पुंतो इन आरिया समजा. कित्येकदा एकाच तुकड्यात दोन्ही असतात.

नक्षीसाठी चेझारे वेचेल्लियोचं १५९१ चं व्हेनिसचं नमुन्यांचं पुस्तक शोधा. हा टिशियनचा नातलग. काळ्यावर पांढरी नक्षी असल्याने उतरवायला सोपी. रोमच्या एलिझाबेत्ता पारासोलेचं १६१६ चं पुस्तकही बघा, मला तिचंच जास्त आवडतं. मेटच्या संग्रहातच दोन्ही सापडतील. 'ओपन ॲक्सेस' निवडलंत की २०१७ पासून मोकळे केलेले हक्कमुक्त फोटो मोठ्या आकारात उतरवता येतात.

कापड समान विणीचं (उभे आणि आडवे धागे इंचाला सारखेच असलेलं) घ्या, आणि कापायच्या आधी चौकोनाची कड टाक्यांनी बांधून घ्या, नाहीतर धागे निसटत जातील.

धागाकर्ती:
फार उपयोग झाला! दांड्यांकडे लक्षच गेलं नव्हतं. आता एकच विचारते: इंचाला २८ धाग्यांचं लिनन मिळतंय, पहिल्या पट्टीला चालेल की अजून जाड विणीचं बघू?