मदत हवी आहे: जुन्या खरेदीखताची पीडीएफ २ एमबीत बसवायची कशी?

राम राम मंडळी. मी पारोळा तालुक्यातला. वडिलोपार्जित शेतीच्या वाटणीचे कागद ऑनलाइन चढवायचे आहेत. खरेदीखत, फेरफार, सातबारा मिळून १४ पानं, आणि फाइल २ एमबीच्या आत हवी. झेरॉक्सच्या दुकानात ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं, ते भरलं ३८ एमबी.

एका फुकटच्या वेबसाइटवर लहान करून घेतली. २ एमबीत बसली, पण खरेदीखताची पार वाट लागली. हाताने लिहिलेल्या गट नंबरातला १ की ९ तेच कळेना, दुय्यम निबंधकाच्या जांभळ्या शिक्क्याचा नुसता डाग उरला. झिप करूनही पाहिली, काडीचा फरक नाही. मोठी बहीण सुरतला असते. तिने प्रत्येक ओळ वाचूनच सही करावी असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे अक्षर स्पष्ट हवंच. काय करू?

प्रतिसाद १
भाऊ, ती आवळलेली फाइल सोडून द्या. त्यात गेलेलं अक्षर परत येत नाही. स्कॅनमधली चित्रं बहुधा आधीच जेपीईजीत (फोटो लहान करून साठवायच्या प्रकारात) दाबलेली असतात, म्हणून झिपचा उपयोग होत नाही.

मूळ कागद पुन्हा स्कॅन करा, २०० डीपीआय, ग्रेस्केल (रंगाऐवजी करड्या छटा). ६०० वरून २०० वर आलं की ठिपके थेट नवव्या हिश्श्यावर येतात, आणि तरीही हाताचं अक्षर नीट वाचता येतं. दुकानदार 'ब्लॅक अँड व्हाइट' करून देतो म्हणेल. टाइप केलेल्या स्वच्छ पानांना ते चालेल, फाइलही खूप लहान होईल. खरेदीखताला मात्र अजिबात नको. पिवळा पडलेला कागद काळा होतो आणि फिकी शाई उडून जाते.

तरी जास्त भरली तर लिब्रेऑफिस ड्रॉ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा. पीडीएफ एक्स्पोर्ट करताना चित्रांचं रिझोल्यूशन १५० करता येतं, जेपीईजीची क्वालिटीही कमी करता येते. क्वालिटी थोडी थोडी उतरवा आणि दर वेळी गट नंबर मोठा करून बघा. सगळं आपल्याच कॉम्प्युटरवर होतं. जमिनीचे कागद अनोळखी वेबसाइटवर चढवू नका, कळकळीने सांगतो.

प्रतिसाद २
सातबारा डिजिटल सहीचा काढला असेल तर प्रिंट मारून स्कॅन करू नका. उतरवून घेतलेली फाइल मुळातच लहान असते. ती वेगळी जोडता येत असेल तर आहे तशीच जोडा, कारण दाबली किंवा दुसऱ्या फाइलीत मिसळली की डिजिटल सही ग्राह्य राहत नाही.

धागाकर्ता
दोघांचे आभार. सातबारा वेगळा जोडायची सोय आहे. बाकीची पानं ग्रेस्केलमध्ये घेऊन १५० वर आणली, १.८ एमबी झाली. गट नंबर स्वच्छ, शिक्क्यातली तारीखही वाचता येते. एकच राहिलं: फेरफाराच्या मागे हाताने लिहिलेले शेरे आहेत. ते घ्यावेत का?

प्रतिसाद १
घ्याच. जागा कमी पडली तर टाइप केलेली पानं ब्लॅक अँड व्हाइट करा, पण शेरे सोडू नका.