तालमीच्या चौकात अलीकडचे मराठी सिनेमे दाखवायचेत: कोणते घ्यावेत आणि मांडणी कशी करावी?

चौकातला पडदा
मंडळी, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीतर्फे डिसेंबर-जानेवारीत चार शनिवार चौकात मोफत सिनेमा दाखवायचं ठरलंय. जागा साधारण ५० फूट लांब आणि ३५ फूट रुंद. माणसं दीडशे ते दोनशे धरलीत. पोरं पुढं सतरंजीवर, बायका आणि म्हातारी माणसं मागं खुर्च्यांवर. गेल्या दोन-तीन वर्षांतले मराठी सिनेमेच हवेत. घरोघरी मोबाईलवर अर्धे बघून सोडलेले सिनेमे सगळ्यांनी मिळून पुरे बघावेत, एवढाच हेतू.

३२०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) फुल एचडी प्रोजेक्टर मिळतोय. आवाजाला गणपतीतला डॉल्बीच लावू, असं काही जणांचं म्हणणं आहे. सिनेमे कोणते, पडदा केवढा आणि डॉल्बी चालेल का, हे जाणकारांनी सांगावं.

मॅटिनी
सिनेमा चांगला आहे की नाही हे नंतर बघा. तो चौकात टिकेल का, हे आधी बघा. उघड्यावर दोन गोष्टी मार खातात, अंधारातली दृश्यं आणि शांतता. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडद्यावर आला की काळा रंग करडा होतो, आणि रात्रीचा अख्खा प्रसंग चिखलासारखा दिसतो.

त्या हिशेबानं पहिल्या शनिवारी 'आता थांबायचं नाय!' (२०२५, दिग्दर्शक शिवराज वायचळ). मुंबई महापालिकेचे सफाई कामगार मोठ्या वयात दहावीला बसतात, ही गोष्ट. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव आहेत, त्यामुळं माणसं खेचून आणावी लागणार नाहीत. कुणी अर्ध्या तासानं येऊन बसलं तरी त्याला धागा सापडतो. पहिल्या दिवशी माणसं उशिरा येतातच, म्हणून हा गुण मोठा.

'वाळवी' (२०२३, परेश मोकाशी) मात्र पहिल्या दिवशी ठेवू नका. सिनेमा पक्का आहे, सत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरलेला. पण पहिली पंधरा मिनिटं चुकली तर कोण कुणाला मारायला निघालाय हेच कळत नाही. लोकांना वेळेवर यायची सवय लागली की तिसऱ्या शनिवारी लावा. लांबीलाही आटोपशीर आहे.

पोरांसाठी 'नाळ २' (२०२३). चिमीचं काम करणाऱ्या त्रिशा ठोसरला आणि तिच्याबरोबरच्या दोन्ही मुलांना बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, आणि तो योग्यच आहे. दिवसाउजेडातली दृश्यं भरपूर, त्यामुळं प्रोजेक्टरवर ताण नाही. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत बायकांसाठी वेगळा खेळ ठेवणार असाल तर 'बाईपण भारी देवा' (२०२३). बहिणी, मंगळागौर, गाणी, उघड्यावर तो रंगतोच.

आता जपून घ्यायचे. 'दशावतार' (२०२५) मध्ये दिलीप प्रभावळकरांचं काम मोठ्या पडद्यावरच बघावं असं आहे. पण त्यात रान आहे, रात्र आहे, रंगवलेले चेहरे आहेत. चौकातले दिवे बंद होणार असतील तरच लावा. 'जारण' (२०२५) हा भीतीचा सिनेमा चौकात नकोच. अमृता सुभाषचा चेहरा अंधारात नीट दिसला नाही तर त्या सिनेमात उरत काही नाही, आणि पुढं सतरंजीवर लहान पोरं बसणार आहेत.

रंकाळाकाठ
यादीत 'स्थळ' (२०२५, जयंत सोमलकर) कसा नाही? मुलगी बघायला येण्याचा कार्यक्रम, तेच प्रश्न, तेच पोहे, पुन्हा पुन्हा. पेठेतल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेली गोष्ट आहे. टोरांटोच्या महोत्सवात नेटपॅक (आशियाई सिनेमासाठीचा) पुरस्कार मिळालेला सिनेमा आहे म्हणून घाबरू नका, सरळ कळतो. विदर्भातली बोली आहे, पहिली दहा मिनिटं कान लावावा लागतो.

आणि 'साबर बोंडं' पण घ्या. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवलेला मराठी सिनेमा आपल्या चौकात का नको?

मॅटिनी
'स्थळ' राहिला ही माझी चूक, तो हवाच. चौथ्या शनिवारी ठेवा.

'साबर बोंडं' बद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, आणि त्याचं कारण विषय नव्हे. वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस, गावाकडं परतलेला मुलगा, त्याचा लहानपणीचा मित्र. दोन पुरुषांमधली ती माया रोहन कानवडेंनी लांब, स्थिर शॉटमध्ये आणि जवळजवळ कुजबुजीत मांडली आहे. चौकात कुत्रं भुंकलं, बुलेट गेली, की तो शॉट मोडतो. मग लोक म्हणणार सिनेमा संथ आहे. त्यापेक्षा दसरा चौकात शाहू स्मारक भवनासारखं बंद सभागृह घेऊन वेगळा खेळ करा. सिनेमावर अन्याय होणार नाही.

पडद्यामागून
सिनेमे ठरतील, पण मांडणी चुकली तर चारही वाया. क्रमानं सांगतो.

प्रोजेक्टरवर ३२०० एएनएसआय (ठरलेल्या पद्धतीनं मोजलेले) ल्युमेन लिहिलंय का बघा. नुसतं 'ल्युमेन' असेल तर आकड्यावर विसंबू नका. एएनएसआय असले तरी ते सर्वात उजळ मोडचे असतात, आणि त्या मोडमध्ये चेहरे हिरवट दिसतात. सिनेमा मोडवर आणलं की २००० च्या आसपास उरतात. पडदा १२ फूट रुंद घेतला तर उंची पावणेसात फूट, म्हणजे ८१ चौरस फूट. २००० भागिले ८१ म्हणजे सुमारे २५ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप). थिएटरात १४ ते १६ असतात, पण तिथं मिट्ट काळोख असतो. १६ फुटी पडदा केला तर १४ वर येता, आणि रस्त्यावरचा दिवा तो उजेड खाऊन टाकतो. १२ फुटांवरच थांबा. मागच्या रांगेला ४५ फुटांवरूनही एवढा पडदा पुरतो.

रुंदट चौकटीचा सिनेमा असला की वरखाली काळे पट्टे येतात आणि चित्राची उंची पाच फुटांवर येते. ते बरोबर आहे. चित्र ताणून पडदा भरू नका, माणसं लांबुळकी दिसतात.

तालमीची भिंत सपाट असेल तर पडदाच नको. पांढऱ्या बिनचकाकीच्या रंगाचे दोन हात आणि कडेनं चार इंच काळी पट्टी, एवढ्यात काम होतं.

चौकातला पडदा
भिंतीला दोन खिडक्या आणि तालमीचं नाव कोरलेलं आहे. कापडच लावावं लागणार.

पडद्यामागून
मग पाठीमागून काळं असलेलं ब्लॅकआउट फ्लेक्स घ्या, बिनचकाकीचं. चकाकणाऱ्या फ्लेक्सवर मधोमध पांढरा डाग पडतो आणि कडेला बसलेल्यांना चित्र फिकं दिसतं. चादर लावली तर निम्मा उजेड आरपार जातो.

खरा शत्रू वारा. ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर एवढ्या कापडावर ३५ ते ४० किलोचा जोर येतो. दर फुटाला आयलेट मारून घ्या आणि चौकटीला नायलॉन दोरीनं आवळण्याऐवजी रबरी दोरीनं बांधा. वाऱ्याला कापड थोडं मागं जातं आणि परत येतं, फाटत नाही. मांडववाल्याकडून उभ्या बांबूंना मागून तिरके वासे लावून घ्या आणि प्रत्येक वाशाच्या पायाशी वाळूची दोन पोती टाका. पुढच्या बाजूला ताण दोऱ्या नकोत, पोरं अडखळतात.

पडद्याची खालची कड जमिनीपासून पाच फुटांवर. साधारण १.५ थ्रो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) असलेला प्रोजेक्टर १२ फुटी चित्रासाठी १८ फुटांवर येतो, म्हणजे ऐन गर्दीत. त्याचं भिंग पडद्याच्या खालच्या कडेच्या उंचीला, पाच फुटी मजबूत टेबलावर ठेवा. बसलेल्या पोरांची डोकी तीन फुटांच्या आत राहतात, प्रकाशात येत नाहीत. उभं राहणाऱ्यांना बाजूनं वाट ठेवा. टेबल खाली ठेवून वर तिरपं मारलं आणि कीस्टोननं (तिरपं चित्र चौकोनी करणाऱ्या सेटिंगनं) सरळ केलं तर पिक्सेल वाया जातात, अक्षरं दातेरी होतात.

वीज. प्रोजेक्टर दिव्याचा असेल तर १ केव्हीएचा यूपीएस फक्त त्याच्यासाठी. ऐन खेळात लाईट गेली की पंखा थांबतो, तापलेला दिवा थंड होत नाही आणि आयुष्य घटतं. लांबच्या वायरीला २.५ चौरस मिलिमीटरची तार. लॅपटॉप, मिक्सर, स्पीकर एकाच बोर्डावर घ्या. वेगवेगळ्या घरांतून लाईट घेतली की स्पीकरमध्ये घूंऽ असा आवाज बसतो आणि रात्रभर जात नाही.

चौकातला खांबावरचा दिवा तीन तास बंद ठेवण्यासाठी महापालिकेच्या विद्युत विभागाला आधी आठवडाभर अर्ज द्या. ते जमलं नाही तर पडद्याची पाठ दिव्याकडं करा.

आवाज नीट
डॉल्बी नको. नाचायला लागतो तो ठोका, सिनेमाला लागतात शब्द. संवाद कळतो तो साधारण १ ते ४ किलोहर्ट्झमधल्या आवाजावर. खालचा दणका पेठेतल्या भिंतींवर आपटून परत येतो आणि नेमके तेच शब्द झाकतो. १२ इंची दोन टॉप स्पीकर, बेस बिन (ठोक्याचा मोठा स्पीकर) न लावता, पडद्याच्या दोन्ही बाजूंना सात फूट उंच स्टँडवर, तोंड मागच्या तिसऱ्या हिश्श्याकडं. ५० फुटांना एवढं पुरतं.

ब्लूटूथनं जोडू नका. आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा मागं पडतो आणि ओठ जुळत नाहीत. लॅपटॉपच्या हेडफोन खोबणीतून मिक्सरला वायर.

निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. पोलीस ठाण्याचा परवाना आधी घ्या. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पावणेसातला पुरेसा अंधार होतो. सातला सुरू केलं तर अडीच तासांचा सिनेमा मध्यंतरासह बसतो.

चौकातला पडदा
काल लॅपटॉपवरून चाचणी घेतली. संगीत दणदणीत, पण माणसं बोलतात ते ऐकूच येत नाही. आवाज वाढवला की गाण्याला कान फाटतात. स्पीकर बिघडलाय का?

आवाज नीट
स्पीकर ठीक आहे. फाईलमधला आवाज ५.१, म्हणजे सहा चॅनेलचा, आहे. त्यात संवाद मधल्या चॅनेलवर असतात, आणि तुमच्या वायरीतून फक्त डावा-उजवा जातोय. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट 'स्टिरिओ' करा, म्हणजे मधला चॅनेल दोन्हीकडं मिसळतो. तरी संवाद दबत असतील तर मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं कापा आणि २ ते ३ किलोहर्ट्झ थोडं वर घ्या. चाचणीला शेवटच्या रांगेत बसून ऐका, मिक्सरपाशी उभं राहून नाही.

परवानगीचं बघा
एक गोष्ट कुणीच काढली नाही. ओटीटीचं खातं घरगुती वापरासाठी असतं. तिकीट नसलं तरी चौकातला खेळ सार्वजनिकच. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणं निर्माता किंवा वितरकाची लेखी परवानगी लागते. ईमेलमध्ये सिनेमाचं नाव, तारीख, जागा, अंदाजे प्रेक्षक आणि खेळ मोफत आहे हे स्पष्ट लिहा. महिनाभर आधी पाठवा. छोटे निर्माते अनेकदा माफक रकमेत देतात, आणि ती रक्कम देणं हाच त्या सिनेमाला खरा पाठिंबा.

परवानगी आली की फाईलही त्यांच्याकडूनच मागा. १०८० पिक्सेलची एमपीफोर सांगा. थिएटरची डीसीपी (डिजिटल सिनेमाची प्रत) लॅपटॉपवर सहसा चालत नाही. पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जातच नाही. दोन पेन ड्राइव्हवर प्रती ठेवा. सेन्सॉर प्रमाणपत्रावरचं यूए ७+, १३+ की १६+ हे बघून फलकावर लिहा, आईबापांना कळू दे.

रंकाळाकाठ
भावा, अजून एक. पुढंमागं 'श्यामची आई' (२०२३) लावलात तर तो कृष्णधवल आहे, म्हणून प्रोजेक्टर कुठल्या जातीचा ते बघा. एका चिपच्या डीएलपीवर (रंग एकामागून एक दाखवणारा प्रोजेक्टर) पांढऱ्या कडांना काही जणांना लाल-निळी झाक दिसते. थ्री एलसीडी (तिन्ही रंग एकदम दाखवणारा) असेल तर तो त्रास नाही.

आणि चारपैकी एका शनिवारी मुख्य सिनेमाआधी 'अयोध्येचा राजा' मधला एखादा प्रसंग दाखवा. १९३२ चा पहिला मराठी बोलपट, आणि तो आपल्याच गावात झाला. तो काढणारी प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली, पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. सिनेमाचा हक्क ६० वर्षांनी संपतो, पण चांगली प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडं रीतसर मागा. जुनी चौकोनी चौकट आहे, तुमच्या पडद्यावर ती नऊ फूट रुंद येईल.

मॅटिनी
क्रम लिहून देतो: 'आता थांबायचं नाय!', 'नाळ २', 'वाळवी', 'स्थळ'. जुना तुकडा दुसऱ्या शनिवारी घ्या, पोरं तेव्हा सगळ्यात जास्त असतील. 'स्थळ' च्या दिवशी पावणेसातलाच सुरू करा. तो संपल्यावर बायका बोलतील, त्यांना माईक द्यायला वेळ हवा, आणि दहाला माईक बंद करावाच लागतो.