शिडाच्या होडीचे चांगलेपण वेगाखेरीज कशावरून ओळखावे?

उद्यमनगरकर

नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझे मशीनिंगचे छोटे वर्कशॉप आहे. गेली तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी गगनबावड्यावरून घाट उतरून मालवणला जातो आणि एका मित्राकडून शिडाची होडी चालवायला शिकतो. आता आम्ही दोघे मिळून एक जुनी होडी घ्यावी म्हणतो. दोन पाहिल्या, दोन्हींची पाण्याच्या रेषेवरची लांबी साधारण १६ फूट. पहिलीचा मालक दर वाक्याला तिचा वेग सांगत होता आणि मोबाइलवरचे आकडे दाखवत होता. दुसरीच्या मालकाने वेगाचा विषयच काढला नाही. त्याने सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला आणि स्वतः शेंगा सोलत बसला. मला दुसरी आवडली, पण का आवडली ते मित्राला सांगता येईना.

माझ्या धंद्यात लेथ किती आरपीएमला फिरतो एवढेच विचारणारा माणूस नवखा समजला जातो. जाणता माणूस जड कट घेताना बेड थरथरतो का आणि संध्याकाळी निघालेल्या जॉबचे माप सकाळच्या जॉबशी जुळते का, ते पाहतो. होडीत तसे पाहण्याजोगे काय असते?

खारा वारा

आधी वेगाचाच हिशेब संपवू. जी होडी पाणी कापत जाते, पाण्यावर उचलली जाऊन घसरत नाही, तिच्या वेगाला लांबीचीच मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे, म्हणजे नॉटमध्ये, म्हणजेच ताशी सागरी मैलांत, तो वेग मिळतो. १६ फुटांना हे उत्तर ५.४ नॉटच्या आसपास येते. त्यामुळे आपल्या दोन्ही होड्यांची कमाल मर्यादा जवळपास सारखीच आहे, आणि मोबाइलवर त्याहून बराच मोठा आकडा दिसला असेल, तर ती होडी हलकी आणि घसरणाऱ्या जातीची असेल किंवा त्या दिवशी मागून वारा आणि लाटा मिळाल्या असतील.

खरा फरक वाऱ्याच्या तोंडावर जाताना दिसतो. थंडी-उन्हाळ्यात दुपारनंतर आपल्या किनाऱ्यावर बहुधा वायव्येकडून खारा वारा येतो, म्हणजे मालवणहून उत्तरेला जाताना तो जवळजवळ समोरूनच लागतो. थेट वाऱ्यावर कोणतीच शिडाची होडी जात नाही. तिला नागमोडी जावे लागते. समजा, एक होडी वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन धरून ५ नॉटने जाते आणि दुसरी ५५ अंशांवर ५.५ नॉटने. दुसरीचा वेग अधिक दिसतो, परंतु वाऱ्याच्या दिशेने पहिली ताशी सुमारे ३.५ सागरी मैल पुढे सरकते आणि दुसरी जेमतेम ३.२. सात मैल वर चढायचे असतील तर पहिली दोन तासांत पोहोचते. दुसरीला सव्वादोन तास लागतात. त्यातही होडी आडवी किती वाहून जाते ते मोबाइल वेगळे दाखवत नाही. ते पाहण्यासाठी मागे वळून पाण्यावरची रेघ पाहावी: ती होडीच्या कण्याच्या सरळ रेषेत न राहता वाऱ्याच्या बाजूला तिरकी पडत असेल, तर तेवढी होडी आडवी सरकते आहे.

आपल्याला दुसरी होडी का आवडली असावी याविषयी माझा अंदाज असा, की तिचा दांडा हाताशी भांडत नव्हता. जिला सरळ ठेवण्यासाठी सुकाणू सतत तिरके धरावे लागते, ती होडी ब्रेक दाबून गाडी चालवल्यासारखी चालते आणि चालवणाऱ्याचा खांदा दोन तासांत भरून येतो. सुकाणूला तीन-चार अंशांचा कल असावा, तोही होडी वाऱ्याकडे वळू पाहते म्हणून, म्हणजे हात सुटला तरी होडी वाऱ्याला तोंड देऊन आपसूक थांबते. पुन्हा जाल तेव्हा मध्यम वाऱ्यात शिडे नीट लावून दांडा सोडून द्या आणि होडी सरळ रेष सोडून वळेपर्यंत अंक मोजा.

रंकाळा काठ

मी माणसे बसतील अशी होडी कधीच चालवलेली नाही. रंकाळ्यावर रिमोटची एक मीटर लांबीची मॉडेल होडी सोडतो, एवढाच माझा अधिकार. पण तोल ही गोष्ट मॉडेलमध्ये लख्ख दिसते, कारण तिथे खांद्याची ताकद लावून दोष झाकता येत नाही. या वर्गात होडीचे किमान वजन ४ किलो असते आणि त्यातले २.२ ते २.५ किलो होडीच्या तळाखालच्या उभ्या पात्यात व शिशाच्या गोळ्यात असते. माझी पहिली होडी झुळूक आली की वाऱ्याकडे तोंड करून उभीच राहायची. मी शिडाचे कापड बदलले, सुकाणू मोठे केले, काही उपयोग झाला नाही. शेवटी डोलकाठी काही मिलिमीटर पुढे सरकवली आणि होडी सुधारली. शिडावरचा वाऱ्याचा जोर ज्या बिंदूवर एकवटतो तो पाण्यातल्या आडव्या विरोधाच्या बिंदूच्या फार मागे पडला होता, एवढेच कारण होते.

आणखी एक, जरा घरगुती मुद्दा. केंदाळ वाढलेले असले की सरळ उभ्या पात्याची सर्वांत वेगवान होडी पहिल्याच फेरीत झिपऱ्या घेऊन थांबते. मागे कललेल्या पात्यावरून ते घसरून जाते. होडी कोणत्या पाण्यासाठी हवी आहे हे ठरल्याशिवाय ती चांगली की वाईट ठरत नाही.

तांडेलचा नातू

वेगाला इतके खाली बसवू नये. मागे फेब्रुवारीत संध्याकाळी वारा पडला आणि माझ्या जड, तोलदार, सर्वगुणसंपन्न होडीला शेवटचे दोन मैल यायला रात्रीचे नऊ वाजले, तेही वल्ही मारून. भर वाऱ्यात कोणतीही होडी पळते. मंद वाऱ्यात पाण्याला घासणारा पृष्ठभाग कमी आणि शीड वजनाच्या मानाने मोठे असलेलीच चालते. तो वेग जरूर पाहावा.

खारा वारा

मान्य. मंद वाऱ्यातला वेग हा गुणच आहे. माझा आक्षेप फक्त कमाल आकड्याला होता.

तरीही एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण ती होडी आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली होती. १९६८ साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत नऊ जण उतरले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी ‘सुहेली’ त्यांतल्या संथ होड्यांपैकी एक होती. ३१२ दिवसांच्या प्रवासात तिची सरासरी ४ नॉटच्या आसपास पडते. तिचे आपोआप सुकाणू धरणारे यंत्र वाटेत निकामी झाले, तेव्हा शिडे कमी-जास्त करूनच त्यांनी तिला सरळ चालत ठेवले आणि स्वतः झोप घेतली. नायजेल टेटली यांची ‘व्हिक्ट्रेस’ ही ट्रायमरान, म्हणजे तीन सांगाडे जोडलेली होडी, तिच्याहून वेगवान होती. मागून प्रतिस्पर्धी येतो आहे या समजुतीने त्यांनी तिला शेवटच्या टप्प्यात ताणले आणि ती अझोर्सजवळ फुटून बुडाली. शर्यत पुरी करणारी ‘सुहेली’ एकटीच.

उद्यमनगरकर

सर्वांचे आभार. काल जाऊन आलो. पहिल्या होडीचा दांडा सोडला आणि तीन मोजेपर्यंत ती वाऱ्याकडे वळून शिडे फडफडवू लागली. मालक म्हणाले की वारा जास्त होता. अर्ध्या तासाने त्याच वाऱ्यात दुसरी एकोणीसपर्यंत सरळ गेली आणि मग सावकाश वळली. मागची रेघही जवळजवळ सरळ होती. मंद वाऱ्याची परीक्षा मात्र राहिली, कारण वारा पडेपर्यंत थांबलो असतो तर घाटात काळोख झाला असता.

दोष एकच सापडला. सुकाणूच्या पिनेला जवळजवळ दीड मिलिमीटर प्ले आहे, त्यामुळे दांडा मधोमध थोडा सैल लागतो. मालकांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, ‘तेवढे चालते.’ मला चालणार नाही. माप घेऊन आलो आहे, सोमवारी गनमेटलचे बुश टर्न करतो आणि पुढच्या रविवारी बयाणा आणि बुश दोन्ही बरोबर नेतो.