मदत हवी आहे: भावाने हिमाचलातून आणलेली ही हेझलनटच आहेत का? पांढऱ्या रश्शात चालतील का?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे, सध्या चंब्याकडे. सुट्टीवर येताना तो दोनेक किलो रानातली फळं घेऊन आलाय. तिथल्या मेंढपाळांबरोबर फिरून स्वतः वेचलेली. ते लोक त्यांना ‘ठांगी’ म्हणतात, म्हणजे हेझलनट, असं तो सांगतो. आम्हा कोल्हापूरकरांना हेझलनट माहीत ते चॉकलेटातलं, म्हणून विचारतेय.

पिशवीत दोन प्रकार दिसतात. बहुतेक फळं सुपारीपेक्षा लहान, फिकट तपकिरी, एका टोकाला निमुळती, बुडाशी खरबरीत पांढरट चकती. काहींना वाळलेली झालर अजून चिकटलेली आहे. अडकित्त्यातून निसटतात, शेवटी पाट्यावर वरवंट्याने फोडली. आत एकच गोल गर, वर पातळ तपकिरी साल.

पण सात-आठ फळं वेगळीच आहेत. लिंबाएवढी, गडद, पॉलिश केल्यागत चकचकीत, टोक नाही. मुलाने त्यातलं एक उचललं होतं, मी लगेच हातातनं काढून घेतलं. माझं आजोळ चंदगडचं. कच्च्या काजूच्या टरफलातल्या चिकाने सोललेली बोटं लहानपणी पाहिलीत, त्यामुळे अनोळखी बी घरात कुणाला चाखू देत नाही.

आईला काजूऐवजी हे वाटून पांढरा रस्सा करायचाय. मंगळवारी भाऊ परत निघतोय, त्याआधी सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी काही वर्षं हिमाचलात नोकरीला होतो. झालरवाली लहान फळं म्हणजे ठांगीच, हिमालयातलं रानटी हेझलनट. चकचकीत मोठी मात्र आजच बाजूला काढा. वर्णनावरून ती खनोर वाटतात, म्हणजे हिमालयातलं हॉर्स चेस्टनट. ती कच्ची विषारी असतात. डोंगरातले लोक त्यांचं पीठ करतात, पण कडवटपणा जाईपर्यंत पाण्यात धुऊन धुऊन. तो खटाटोप घरी करू नका, टाकून द्या.

ठांगी पाण्यात टाका. तरंगणारी बहुतेक पोकळ निघतात. बारीक गोल भोक असेल तर आत अळी होऊन गेली समजा. खवट वास आला तर गर वापरू नका. यात साठ टक्क्यांच्या आसपास तेल असतं, फोडलेला गर आपल्या हवेत पटकन खवट होतो. डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा.

रश्शासाठी भाजू नका, रंग तांबूस होईल आणि पांढरेपणा जाईल. दोन कप पाण्यात दोन-तीन चमचे खायचा सोडा घालून गर तीन मिनिटं उकळा. भांडं मोठं घ्या, फेस वर येतो. पाणी काळं पडेल, घाबरू नका. गार पाण्यात टाकून चोळलं की साल सुटते. नीट धुऊन मग खसखशीबरोबर वाटा. घरात कुणाला शेंगदाणा किंवा काजूची ॲलर्जी असेल तर त्यांना देऊ नका.

लाडवाला मात्र मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं भाजून, पंचात चोळून घ्या.

पुन्हा मी:

दादा, खूप आभार. मोठी आठही फळं खड्ड्यात पुरली, पोरांच्या हाती लागायला नकोत. पाण्यात टाकल्यावर ओंजळभर पोकळ निघाली. सोड्याचं पाणी खरंच शाईसारखं काळं झालं आणि गर खोबऱ्यासारखा पांढरा निघाला. रस्सा झाला. काजूपेक्षा थोडा दाट आहे, म्हणून आईने नारळाचं पातळ दूध वाढवलं. भावाने दोन वाट्या भुरकल्या.

आता अर्धा किलो गर उरलाय. डिंकाच्या लाडवात खारकेच्या मानाने किती घालावा, कुणी केलेत का?